टोपीखालचा दात

दाताचे डॉक्टर जेव्हा ‘या दाताला कॅप बसवावी लागेल’ असे सांगतात, तेव्हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मेटलची बसवायची, सिरॅमिकची की झिरकोनियाची? समोर दरपत्रक येते. घरी गेल्यावर मुलगा एक सांगतो, सून दुसरे सांगते आणि शेजारचे जोशीकाका तिसरेच. सगळी चर्चा पदार्थाभोवती फिरते. त्या टोपीसाठी दात किती तासला जाणार आणि टोपीखाली आपला स्वतःचा दात किती उरणार, हे फारसे कोणी विचारत नाही.

माझा व्यवसाय होमिओपॅथीचा. दात तासणे किंवा टोपी बसवणे हे माझे काम नव्हे. पण घरचा डॉक्टर म्हणून असे दरपत्रक हातात घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगा.’ त्यांना नीट सांगता यावे म्हणून मी या विषयाचा इतिहास वाचत गेलो. त्यात मला जे दिसले ते असे : अडीच हजार वर्षांत टोपीचा पदार्थ पुष्कळदा बदलला, पण सौदा दर वेळी एकच होता. नवा भाग टिकावा म्हणून नैसर्गिक दाताचा किती भाग द्यायचा? हा सौदा कधी स्वस्तात झाला, कधी फार महागात पडला. तो हिशेब आपल्यापुढे मांडण्यासाठी हा लेख.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करून घेऊ. किडलेला भाग काढून तिथल्या तिथे चांदी किंवा सिमेंट भरणे हे गवंडीकाम झाले. भिंतीला भोक पडले, ते लिंपून घेतले. कॅप, व्हिनिअर, इनले, ब्रिज ही कामे निराळी. दाताचे माप घ्यायचे, वस्तू बाहेर कारखान्यात बनवायची आणि मग आणून बसवायची. हे सोनारकाम झाले, बांगडीसारखे. फरक इतकाच की बांगडी बसावी म्हणून कोणी मनगट तासत नाही. दात मात्र तासावा लागतो. दुसरी गोष्ट दाताच्या वरच्या पांढऱ्या आवरणाची, म्हणजे एनॅमलची. आपल्या शरीरात याहून कठीण काही नाही. पण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच असतात. मोडलेले हाड सांधते, कापलेली कातडी भरून येते. गेलेले एनॅमल पुन्हा येत नाही. पुढच्या सगळ्या इतिहासाला हीच पार्श्वभूमी आहे.

सोनाराचा काळ

कृत्रिम दाताची पहिली कामगिरी सोनारांची. इटलीत रोमच्या उत्तरेला एट्रुस्कन लोक राहत. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकापासूनच्या त्यांच्या थडग्यांत सोन्याच्या पातळ पट्ट्या सापडल्या आहेत. शेजारच्या निरोगी दातांभोवती पट्टी गुंडाळायची आणि मधल्या रिकाम्या जागी दुसरा दात बसवायचा, अशी ती रचना. आजच्या ब्रिजची ही पणजी. अभ्यासकांच्या मते अशा पट्ट्या प्रामुख्याने स्त्रियांच्या दातांवर आढळतात. रोममध्ये ही गोष्ट इतकी परिचित होती की ख्रिस्तपूर्व ४५० च्या सुमारास झालेल्या ‘बारा कोष्टकां’च्या कायद्यात तिची सोय आहे. प्रेताबरोबर सोने पुरू किंवा जाळू नये असा नियम करताना, सोन्याने बांधलेले दात असतील तर हरकत नाही, अशी सवलत त्यात दिलेली आहे.

आपल्याकडचाही एक दाखला आहे, आणि तो रणांगणावरचा आहे. ११९४ मध्ये चंदावरच्या लढाईत कनौजचा राजा जयचंद मारला गेला. त्याचे प्रेत ओळखू येईना. शेवटी सोन्याच्या तारेने बांधलेल्या दातांवरून ओळख पटली, असे इब्न अल्-अथीर या अरबी इतिहासकाराने नोंदवले आहे. बाराव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात हलणारे दात तारेने आवळून देणारा कारागीर होता, एवढे यावरून समजते. राजस्थानातल्या दागिन्यांत दातात बसवायची सोन्याची ‘चूंप’ आजही मोजली जाते. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या वाचकांच्या कानावर तो शब्द असेल. ती हौस झाली, उपचार नव्हे. पण सोने आणि दात यांचे नाते किती जुने आहे हे त्यातून कळते.

या सोनारकामात एक गुण होता. पट्टी काय, तार काय, ती दाताला बाहेरून धरीत असे. दात कोरला जात नसे. याच्या उलट मध्य अमेरिकेतील माया लोकांची रीत. पोकळ नळी आणि बारीक वाळूसारखी पूड यांच्या साहाय्याने ते पुढच्या दातांत गोल खळगी पाडीत आणि तिच्यात जेडचा नेमका घडवलेला खडा चिकटवीत. हेही सोनारकामच, आणि कौशल्य असे की हजार वर्षांहून जुन्या कवट्यांत ते खडे अजून जागेवर आहेत. पण काही कवट्यांत त्या दाताच्या मुळाशी गळवाने खाल्लेले हाडही दिसते. खळगी थोडी खोल गेली आणि नसेपर्यंत पोहोचली. सौद्याची महाग बाजू इतिहासात इथेच पहिल्यांदा दिसते.

कुंभाराचा काळ

आधुनिक दंतवैद्यकाचा आरंभ १७२८ पासून धरतात. त्या साली पॅरिसमध्ये पिएर फोशार यांचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुळाच्या पोकळीत सोन्याची किंवा चांदीची खुंटी बसवून तिच्यावर दात उभा करण्याची पद्धत त्यांनी वर्णिली आहे. आज रूट कॅनॉल केलेल्या दातात जी ‘पोस्ट’ घालतात ती याच खुंटीची वंशज. १७४६ मध्ये क्लोद मुतों यांनी झिजलेल्या दाढांवर सोन्याच्या पत्र्याची टोपी चढवण्याविषयी लिहिले. पूर्ण कॅप ती हीच.

पण खुंटीवर बसवायचा दात आणायचा कुठून? हस्तिदंत, पाणघोड्याचा दात, बैलाचे हाड, किंवा मेलेल्या माणसाचा दात. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावर पडलेल्या तरुण शिपायांचे दात उपटून विकले गेले आणि कवळ्यांत बसले. हा माल हिंसेतून येई, आणि शिवाय तोंडात कुजे. सेंट जर्मेन गावचे औषधविक्रेते अलेक्सी द्युशातो यांना हाच त्रास झाला. औषधे चाखून चाखून त्यांच्या हस्तिदंती कवळीला वास आणि डाग लागले. दुकानातल्या चिनी मातीच्या बरण्यांना मात्र काहीच होत नसे. मग दात त्याच मातीचे का नकोत? १७७४ च्या सुमारास त्यांनी पॅरिसच्या एका चिनी मातीच्या कारखान्यात प्रयोग सुरू केले. अडचण कुंभाराची नेहमीचीच होती : भट्टीत माती आकसते आणि घेतलेले माप चुकते. निकोला द्युब्वा द शेमां या दंतवैद्याने ही पद्धत सुधारली, १७८८ मध्ये तिच्यावर पुस्तिका काढली आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९२ मध्ये लंडनला जाऊन तिथे हा व्यवसाय जमवला. मातीचा पुरवठा प्रसिद्ध वेजवुड कारखान्याकडून होई. १८०८ मध्ये जुझेप्पांजेलो फोन्झी या इटालियन कारागिराने प्लॅटिनमच्या आकड्या असलेले सुटे चिनी मातीचे दात तयार केले. मृतांचे दात विकण्याचा धंदा त्यामुळे हळूहळू बंद पडला. या एका कामासाठी तरी या कुंभारांचे आपण ऋणी आहोत.

चिनी मातीची पूर्ण टोपी मात्र अमेरिकेत डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस घडवली. अटलांटिक महासागर विमानाने एकट्याने ओलांडणाऱ्या चार्ल्स लिंडबर्गचे हे आजोबा. तासलेल्या दाताच्या आकारावर प्लॅटिनमचा अतिशय पातळ पत्रा दाबून बसवायचा, त्या साच्यावर चिनी माती लिंपून भट्टीत भाजायची आणि शेवटी पत्रा सोलून काढायचा, ही त्यांची युक्ती. पाहणाऱ्याला खरा-खोटा दात ओळखू येईना. उणीव एकच : चिनी माती कपबशीसारखी ठिसूळ. सुपारी फोडणाऱ्याच्या तोंडात ती टिकणारी नव्हती. तिला जाडी द्यायची तर दात अधिक तासायला हवा. सौंदर्याची किंमत दाताच्या खात्यातून जाऊ लागली.

ओताऱ्याचा काळ

१९०७ च्या जानेवारीत विल्यम टॅगर्ट यांनी न्यूयॉर्कच्या दंतवैद्यांपुढे सोन्याचा इनले ओतून दाखवला. हव्या त्या आकाराचा मेणाचा तुकडा घडवायचा, त्याभोवती साचा करायचा, तापवून मेण घालवायचे आणि त्या पोकळीत वितळलेले सोने ओतायचे. दंतवैद्यकात ही क्रांती होती. पण ही विद्या आपल्या ओताऱ्यांना किती आधीपासून ठाऊक! मोहेंजोदडोची कांस्य नर्तकी अशीच घडली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाच्या साच्यातून मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. मेण आधी तोलून घ्यावे आणि रुपे त्याच्या बारा पट, सोने सोळा पट घ्यावे, असे प्रमाणही त्यात आहे. मराठीचे जुने नमुने शोधणारे ज्या ग्रंथाकडे जातात तो हाच ‘मानसोल्लास’, आणि ते कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. टॅगर्ट यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेऊन दंतवैद्यांवर दावे लावले. पण आयोवाच्या फिलब्रुक नावाच्या दंतवैद्याने १८९७ मध्येच हे मांडले होते असे निघाले आणि पेटंट टिकले नाही.

ओतकामाने टोपी दाताशी तंतोतंत जुळू लागली. पण इथेच तासण्याचे शास्त्रही जन्माला आले. कुंकवाचा करंडा डोळ्यांपुढे आणा. झाकण सरळ खाली बसावे आणि सहज निसटू नये, यासाठी करंड्याच्या कडा जवळजवळ सरळ, वर किंचित निमुळत्या लागतात. फार निमुळत्या झाल्या तर झाकण निसटते. कुठे फुगीर राहिल्या तर ते चढतच नाही. दाताचेही तेच. दात मुळात वर फुगीर आणि हिरडीपाशी बारीक असतो. त्यामुळे ओतीव टोपी चढवायची तर तो फुगीरपणा चहूबाजूंनी काढणे भाग. दोन्ही बाजूंचा उतार मिळून सहा अंशांच्या आसपास असावा, असे पाठ्यपुस्तके सांगतात. टोपी टिकते ती आकाराच्या जोरावर, सिमेंट फक्त फट भरते. आणि तो आकार कमावण्यासाठी निरोगी दातही द्यावा लागतो.

तासण्याचे कष्टही कमी होत गेले. १८७१ मध्ये जेम्स मॉरिसन यांचे पायाने चालवायचे यंत्र आले, शिवणयंत्रासारखे. त्याच्या फेऱ्या मिनिटाला दोन हजारांच्या आसपास. १९५७ मध्ये जॉन बॉर्डन यांची हवेच्या दाबावर फिरणारी एअररोटर आली, तिच्या फेऱ्या मिनिटाला तीन लाखांच्या घरात. रुग्णाचे हाल कमी झाले हे खरेच. पण पूर्वी ज्या कामाला हात दुखेपर्यंत वेळ लागे ते आता काही मिनिटांत होऊ लागले, आणि जे सहज होते ते गरजेपेक्षा जास्त होते.

टोपी घालणे

मराठीत ‘टोपी घालणे’ याचा एक वेगळाच अर्थ आहे, आणि दंतवैद्यकाला तो एकदा सोसावा लागला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत सोन्याच्या कॅपा आणि ब्रिज यांची मोठी टूम निघाली. खालचा दात किडलेला, मुळाशी पू, हिरड्या सुजलेल्या. तरी वर झळझळीत सोने. १९१० मध्ये माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने व्याख्यान देताना या कामावर कडाडून टीका केली. आत पू आणि वर सोन्याची कबर, अशा आशयाची ती टीका होती. तोंडातला हा पू अनेक दुखण्यांचे मूळ आहे असे त्यांचे म्हणणे.

पुढे जे झाले ते आणखी वाईट. या विचाराची लाट उसळली आणि संधिवातापासून मनोविकारापर्यंत कशावरही उपाय म्हणून लोकांचे दात सरसकट उपटले जाऊ लागले. ते खूळ ओसरायला काही दशके लागली. आधी दात झाकून टाकण्याची घाई, मग उपटून टाकण्याची. दोन्हींत खालच्या दाताची नीट तपासणी हीच गोष्ट राहून गेली. त्यातून निघालेला चांगला धडा असा की टोपीआधी एक्स-रे काढून मुळाची स्थिती पाहण्याची शिस्त रुजली. आजही आपण तिचा आग्रह धरावा.

चिकटवणाऱ्यांचा काळ

सौद्याचा तराजू दाताच्या बाजूला झुकवला तो एका साध्या निरीक्षणाने. धातूला रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात. अमेरिकेतील रॉचेस्टरचे मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये तेच आम्ल अर्धा मिनिट एनॅमलवर लावले. पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खाचा पडल्या आणि त्यांत राळ घट्ट रुतून बसली. १९६२ मध्ये राफेल बोवेन यांनी या कामाला योग्य अशा राळेचे पेटंट मिळवले. १९८३ मध्ये सिमन्सन आणि कलामिया यांनी चिनी मातीच्या आतल्या बाजूलाही आम्लाने अशाच खाचा पाडता येतात आणि मग ती एनॅमलला चिकटते, हे दाखवले. करंड्याच्या झाकणासारखी पकड आता अनिवार्य राहिली नाही. दात कमी तासून काम भागण्याची वाट मोकळी झाली.

व्हिनिअर खरे तर त्याआधीचे. १९३० च्या सुमारास चार्ल्स पिंकस हे कॅलिफोर्नियाचे दंतवैद्य हॉलिवूडच्या नटनट्यांच्या दातांवर चित्रीकरणापुरते पातळ पापुद्रे चिकटवीत. दात तासायचे नाहीत. काम संपले की पापुद्रे काढून ठेवायचे. १९८३ नंतर तेच पापुद्रे कायमचे झाले.

टोपीचे पदार्थही याच काळात बदलले. १९६२ च्या वाइनस्टाइन यांच्या पेटंटांमुळे धातूवर चिनी माती न तडकता भाजता येऊ लागली. हीच आपल्याकडे इतकी वर्षे बसत आलेली ‘सिरॅमिक कॅप’. दोन थर मावायला हवेत म्हणून तिच्यासाठी समोरून सव्वा ते दीड मिलिमीटर आणि चावण्याच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर दात द्यावा लागतो. १९८५ मध्ये झुरिकमध्ये मोरमान आणि ब्रांडेस्टिनी यांनी कॅमेऱ्याने माप घेऊन यंत्राने इनले कोरून त्याच बैठकीत बसवला. झिरकोनिया हा झिरकॉन खनिजापासून बनतो, आणि झिरकॉन केरळच्या किनाऱ्यावरील वाळूतही मिळते. त्याच्यात तडा जाऊ लागला की तड्याच्या टोकाचे स्फटिक रूप बदलून किंचित फुगतात आणि तडा दाबून धरतात. म्हणून तो इतका चिवट. अखंड झिरकोनियाची टोपी पातळ करता येते, त्यामुळे दाढेसाठी बरेचदा कमी तासून भागते.

आपला हिशेब

आता दरपत्रकाकडे वळू. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुढच्या दातांसाठी निरनिराळ्या कामांत दात किती जातो हे वजन करून पाहिले. व्हिनिअरसाठी हिरडीबाहेरच्या दाताचा ३ ते ३० टक्के भाग गेला; पूर्ण टोपीसाठी ६३ ते ७२ टक्के. हे आकडे दरपत्रकात नसतात.

म्हणून कॅप वाईट, असे कृपया समजू नका. रूट कॅनॉल केलेली दाढ आधीच पोखरलेली असते. चावताना ती उभी चिरू शकते आणि तशी चिरली की उपटावीच लागते. तिला टोपीचा आधार हवाच. मोठी भरणी निम्म्याहून अधिक दाढ व्यापून बसली असेल, कोपरा तुटला असेल, तिथेही टोपी दात वाचवते. अट इतकी की टोपीच्या काठाला धरायला हिरडीच्या वर सभोवती दीड-दोन मिलिमीटर उंचीची निरोगी दाताची भिंत हवी. काठीच्या टोकाला शेंबी लाकूड घट्ट आवळते म्हणून काठी चिरत नाही. लाकूडच उरले नसेल तर शेंबी कशाला धरणार? आणि शेंबीखाली लाकूड कुजते तसा टोपीच्या काठाशी दात किडू शकतो. टोपीला कीड लागत नाही, दाताला लागते. म्हणून काठ हिरडीपाशी नीट जुळलेला आणि आपल्याला स्वच्छ ठेवता येईल असा हवा.

व्हिनिअरचे मात्र वेगळे. ते बहुधा निरोगी दातांवर, लग्न ठरले म्हणून, बसवले जाते. समोरच्या दाताचे एनॅमल हिरडीपाशी अर्धा मिलिमीटरही नसते. व्हिनिअर घट्ट धरते ते एनॅमलवर. जास्त तासून खालचा मऊ भाग उघडा पडला की पकडही कमी होते आणि दातही सळसळतो. आपल्या पणज्या दातवण लावून दात काळे करीत. तेव्हा तेच सौंदर्य होते. आज कागदासारखे पांढरे दात हवेत, उद्या आणखी काही. दातवण निदान दात तासत नव्हते. पंचविशीतल्या मुलीचे सहा-आठ दात तासले की तिला ते पापुद्रे आयुष्यात दोन-तीनदा बदलावे लागतील, आणि दर वेळी थोडा दात आणखी जाईल. दात वाकडे असतील तर तारेने सरळ करणे, पिवळे असतील तर ब्लीच करणे, हे मार्ग आधी विचारात घ्यावेत. वेळ लागेल, पण दात राहील.

तेव्हा खुर्चीत बसण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. हा दात वाचवण्यासाठी टोपी हवी आहे की शोभेसाठी? एक्स-रेमध्ये मूळ आणि हाड निरोगी दिसते का? अर्धी टोपी, म्हणजे ऑनले, किंवा चिकटवून करायचे दुसरे काम चालण्यासारखे नाही का? आणि तासल्यावर माझा दात किती उरेल? चांगल्या दंतवैद्याला या प्रश्नांचा राग येत नाही. तो एक्स-रे उजेडावर धरून आपल्याला दाखवतो. ही चार उत्तरे मिळाली की मेटल, सिरॅमिक की झिरकोनिया हा पाचवा प्रश्न फार अवघड राहत नाही, आणि तोवर दरपत्रक बाजूला ठेवले तरी चालते.